पहिल्या केमोच्या आधी एक वही घ्या

अक्काची पहिली केमो झाली त्या दिवशी सिस्टरनं फाईलसोबत एक घडीचा कागद दिला. आम्ही तो फाईलमध्ये ठेवला, फाईल पिशवीत, आणि पिशवी सेलूला घरी आल्यावर खुंटीला. नवव्या दिवशी रात्री अक्काचं अंग तापलं. मी पॅरासिटामॉल दिली, घाम आला, ताप उतरला, आम्ही झोपलो. सकाळी तिला उठून बसवेना. दवाखान्यात नेलं तेव्हा पांढऱ्या पेशी इतक्या उतरल्या होत्या की सहा दिवस ॲडमिट राहावं लागलं. तिसऱ्या दिवशी तिच्या उशाशी बसून मी तो घडीचा कागद पहिल्यांदा उघडला. त्यात एक ओळ होती : 'ज्वर आल्यास तत्काळ संपर्क साधावा.'

ज्वर म्हणजे किती? तत्काळ म्हणजे रात्री दोन वाजतासुद्धा? संपर्क कुणाशी? नंबर कुठंच नव्हता. कागदात चूक काहीच नव्हती, पण आमच्या घरात तो कुणाला लागू पडला नसता. तो वाचून मध्यरात्री गाडी कुणाची सांगायची, हे कुणाला कळणार होतं?

अक्का माझी थोरली जाऊ. तिच्या केमो झाल्या, ऑपरेशन झालं, शेक म्हणजे रेडिएशन झालं, आता रोजची गोळी चालू आहे. आमच्या भागात कुणा बाईला स्तनाच्या कॅन्सरचा उपचार नव्यानं सुरू होणार असला की तिच्या घरचे मला फोन करतात. मी पहिली गोष्ट सांगते : शंभर पानी वही घ्या. दवाखान्यातून जे सांगतील, जे छापील देतील, ते त्या वहीत आपल्या बोलीत आणि आपल्या घराच्या हिशोबानं उतरवा. मी डॉक्टर नाही. औषध कोणतं आणि किती, हे तुमचे डॉक्टर सांगतील तेच खरं. वहीत काय काय असावं, तेवढं खाली लिहिते.

पहिलं पान : आजाराचं नाव

हे पान पेशंटच्या समोर बसून लिहा. "तिला सांगू नका, घाबरेल," असं घरोघरी म्हणतात. आम्हीही अक्काला "गाठीत पाणी झालंय" असंच सांगितलं होतं. अक्का आठवी शिकलेली. रिक्षातून उतरताना गेटवरची पाटी तिनं स्वतः वाचली आणि माझ्या हाताला धरून विचारलं, "सगळ्यांना म्हायती हाय, मलाच न्हाई का?" त्या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं. ज्या बाईला आपल्याला काय झालंय हेच ठाऊक नाही, ती हाताला आग होतेय हे सिस्टरला कशी सांगेल, आणि अंग कणकणतंय हे घरी कशी सांगेल? ती अंगावर काढते. म्हणून आधी तिला सांगा, मग वही उघडा.

गाठीचा तुकडा तपासला त्या रिपोर्टवर ईआर, पीआर आणि हर-टू अशी तीन नावं असतात. त्यापुढं काय लिहिलंय ते जसंच्या तसं उतरवा. ईआर किंवा पीआर पॉझिटिव्ह म्हणजे ही गाठ बाईच्या अंगातल्या हार्मोनवर पोसली जाते. अशा बाईला पुढं बरीच वर्षं त्या हार्मोनला आवर घालणारी गोळी असते, तिलाच हार्मोनची गोळी म्हणतात. हर-टूच्या पुढं ० किंवा १+ असेल तर निगेटिव्ह धरतात, ३+ असेल तर पॉझिटिव्ह. २+ म्हणजे उत्तर अजून पुरतं मिळालेलं नाही, 'फिश' नावाची आणखी एक तपासणी करावी लागते. हर-टू पॉझिटिव्ह असेल तर त्यावर नेमकं काम करणारं ट्रॅस्टुझुमॅबसारखं इंजेक्शन आहे. तिन्ही निगेटिव्ह असतील तर हार्मोनची गोळी आणि हर-टूचं इंजेक्शन या दोन्हींचा उपयोग नसतो, भर केमोवर राहतो.

हे कळलं की वॉर्डातला अर्धा गोंधळ मिटतो. शेजारच्या बेडवरच्या बाईला लाल औषध आणि आपल्याला पांढरं, तिला चार वेळा आणि आपल्याला बारा वेळा, म्हणजे आपला आजार जास्त आहे का, अशी धाकधूक तिथं प्रत्येकीला असते. औषध ठरतं ते गाठीच्या जातीवर, आजार कुठवर गेलाय त्यावर, वयावर आणि हृदय, लिव्हर, किडनी कशी आहे त्यावर. शेजारणीच्या फाईलवर आपला हिशोब मांडू नका.

त्याच पानावर डॉक्टरांना विचारून चार उत्तरं लिहा. औषधाचं नाव काय? किती डोस आणि किती दिवसांच्या अंतरानं? ऑपरेशनच्या आधी का, किंवा नंतर का? आधी देतात तेव्हा बहुतेक वेळा गाठ लहान करून घ्यायची असते, आणि औषध लागू पडतंय का तेही डोळ्यांनी दिसतं. चौथा प्रश्न विचारताना जीभ अडखळते, पण विचारा : हे औषध आजार मुळातून काढण्यासाठी देताय की आटोक्यात ठेवण्यासाठी? यावर घरातले पुढचे सगळे निर्णय अवलंबून असतात. पैशाचे, शेतीचे, पोरीच्या लग्नाचेसुद्धा.

कागद, योजना, प्रवास

छत्रपती संभाजीनगरला आमखास मैदानाजवळ शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. लातूरला विवेकानंद रुग्णालयाचा कॅन्सर विभाग आहे. धाराशिव आणि लातूरकडची बरीच माणसं बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलला जातात. मुंबईचं टाटा मेमोरियल सगळ्यांना माहीत आहे, पण प्रत्येकीनं तिथंच जायला पाहिजे असं नाही. केमोला परतपरत जावं लागतं, म्हणून जिथं दर खेपेला जाऊन येणं जमेल ती जागा चांगली. टाटाला एकदा दाखवून, उपचाराचं लिहून घेऊन, डोस जवळच्या ठिकाणी घेता येतील का, हे तिथंच विचारता येतं.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता आयुष्मान भारतशी जोडलेली आहे आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. ती चालते फक्त यादीतल्या दवाखान्यात, म्हणून पैसे भरण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या माणसाला, गाठा. रेशनकार्ड आणि आधारवर नावाचं स्पेलिंग एकच आहे ना, ते घरूनच बघून निघा. एका अक्षरासाठी फाईल अडकलेली मी पाहिली आहे आणि त्यात पेशंटचा आठवडा गेला. योजनेची चौकशी असो की तक्रार, १५५३८८ हा नंबर वहीत लिहून ठेवा.

रेल्वेत कॅन्सरच्या पेशंटला उपचाराच्या प्रवासासाठी सवलत मिळते, सोबतच्या एका माणसालाही मिळते. त्यासाठी दवाखान्याचं ठरावीक नमुन्यातलं सर्टिफिकेट लागतं, ते पहिल्याच खेपेला मागून घ्या. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहेच. तुकड्याच्या तपासणीच्या स्लाईड आणि ब्लॉक जपून ठेवा. मेणाचा तो लहानसा ठोकळा म्हणजे ब्लॉक. दुसऱ्या दवाखान्यात दाखवायचं झालं तर कागदाच्या आधी तो मागतात, आणि हरवला तर कधी कधी तुकडा पुन्हा काढावा लागतो.

आठवडाभर आधी

रक्ताच्या तपासण्या होतात. लाल औषध म्हणजे डॉक्सोरुबिसिन असेल तर हृदयाचा टू-डी इको होतो, कारण त्या औषधाचा भार हृदयावर येऊ शकतो. दाढ किडलेली असेल तर आधीच दाखवा, केमो सुरू झाल्यावर दात काढणं अवघड होऊन बसतं.

घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ओता. बीपीच्या, साखरेच्या, आणि हो, काढे, चूर्ण, कुणी आणून दिलेली पुडीसुद्धा. पुडी लपवायची सवय सगळ्या घरांत आहे. काही झाडपाल्याची औषधं लिव्हरवर ताण आणतात, काही केमोचं काम बिघडवतात. रागावतील म्हणून लपवण्यापेक्षा एकदा बोलून घेतलेलं बरं.

पाळी चालू असणाऱ्या बाईनं दिवस गेलेले नाहीत ना, याची तपासणी करून घ्यावी. उपचार चालू असताना दिवस जाता कामा नयेत, आणि त्यासाठी हार्मोन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या घ्यायच्या नसतात. दुसरा उपाय डॉक्टरांना विचारा. अंगावर पिणारं लेकरू असेल तर दूध तोडावं लागतं. पुढं मूल हवं असेल तर ते पहिल्या डोसच्या आधी बोलायचं. सासू-सासरे समोर असताना तरण्या सुनेच्या तोंडून हे निघत नाही, म्हणून सोबत गेलेल्या बाईनं सगळ्यांना बाहेर पाठवून हा विषय काढावा.

आणि मिश्री. आमच्याकडं साठीच्या पुढच्या दहा बायकांना विचारलं तर निम्म्या तरी दात मिश्रीनं घासतात. ती तंबाखूच आहे. केमोत तोंड आतून सोललं जातं, त्यावर मिश्री लावली तर जेवण सुटतं. अक्कानं ती पहिल्या डोसच्या आधी सोडली. चार दिवस डोकं धरून बसली होती, तरी सोडली.

सलाईनचा दिवस

पोटभर नाही, पण खाऊन जा. पोहे, उपमा, भाकरी-दूध चालेल. बाही वर सरकेल असा सैल ब्लाऊज किंवा गाऊन, पांघरायला चादर, पाण्याची बाटली. रक्ताचा रिपोर्ट येणं, औषध तयार होणं, बेड मिळणं यातच दुपार होते. परतीची शेवटची गाडी धरून हिशोब करू नका. शक्य असेल तर पहिल्या डोसच्या रात्री शहरातच मुक्काम करा.

सुई लावल्यावर पेशंटनं एकच काम करायचं. सुईच्या जागी आग, चुणचुण, टोचणी, फुगवटा, काहीही वाटलं की तिथल्या तिथं सिस्टरला हाक मारायची. "बिचाऱ्या कामात हायत" म्हणून गप्प बसायचं नाही. लाल औषध शिरेबाहेर गेलं तर आजूबाजूचं मांस जळतं. शिरा बारीक असतील तर छातीत किंवा दंडात उपचार संपेपर्यंत राहणारी नळी बसवतात, पोर्ट किंवा पिक लाईन, त्याबद्दल विचारून ठेवा. पॅक्लिटॅक्सेल नावाचं औषध चालू असताना सुरुवातीच्या काही मिनिटांत चेहरा लाल होणं, छाती आवळणं, दम लागणं असं झालं तरी लगेच सांगा.

लाल औषधानंतर एखाद-दोन दिवस लघवी लालसर होते. ते रक्त नाही, औषधाचा रंग आहे. हे माहीत नसल्यानं आमच्या ओळखीची एक बाई संडासातून रडत बाहेर आली होती. औषधाचा अंश दोनेक दिवस लघवी-संडासातून जात राहतो, म्हणून तेवढे दिवस भरपूर पाणी ओता आणि उलटीचे कपडे वेगळे धुवा, धुताना हातमोजे घाला. लेकराला मांडीवर घेणं, शेजारी झोपणं, एका ताटात जेवणं याला कसलीही आडकाठी नाही. कॅन्सर शिवल्यानं होत नाही.

एकवीस दिवसांचं कॅलेंडर

डोस बहुतेक वेळा २१ दिवसांनी असतो, काहींना १४ दिवसांनी, काहींना दर आठवड्याला. भिंतीवरच्या कॅलेंडरवर डोसच्या तारखेला गोल करा आणि तिथून दिवस मोजा.

पहिले चार-पाच दिवस मळमळीचे. उलटीच्या गोळ्या मळमळ सुरू होण्याची वाट न बघता लिहून दिलेल्या वेळेला द्या. एकदा सुरू झाली की आवरायला जड जाते. या गोळ्यांनी संडास घट्ट होते, म्हणून पाणी वाढवा आणि त्यासाठीचं औषध पहिल्याच दिवशी लिहून घ्या. सोबत दिलेल्या स्टेरॉईडनं साखर वाढते आणि झोप उडते. डायबेटिस असेल तर घरी साखर तपासा. चोवीस तास पाणीसुद्धा पोटात ठरत नसेल तर घरी थांबू नका.

साधारण सातव्यापासून चौदाव्या दिवसापर्यंत पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली असतात. कॅलेंडरवर हे दिवस लाल पेननं रंगवा. या दिवसांत लग्न, बाजार, जत्रा, सप्त्याची पंगत नको. भेटायला येणाऱ्यांना दारातच हात धुवायला सांगा, सर्दी-खोकला असेल त्याला नम्रपणे परत पाठवा. आपल्याकडं आजाऱ्याला भेटायला न जाणं वाईट दिसतं, त्यामुळं माणसं येणारच. मी दाराबाहेर बादली, साबण आणि तांब्या मांडून ठेवला होता. दोघी-तिघी फुगल्या, पण साबण लावूनच आत आल्या.

केस दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जातात. आधी डोक्याची कातडी दुखते, मग उशीवर पुंजके दिसतात. आधीच केस बारीक करून घेतले तर ते लांब पुंजके बघावे तरी लागत नाहीत. अक्कानं तिची वेणी स्वतः कापली आणि फडक्यात बांधून कपाटात ठेवली. उपचार संपल्यावर काही महिन्यांत केस परत येतात. तिचे कुरळे आले.

तापाचं पान

हे पान वहीच्या मधोमध ठेवा आणि त्याची नक्कल दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. मी अक्काच्या घरी लावलेलं असं होतं :

"अंगात ताप १००.४ किंवा जास्त, किंवा थंडी वाजून हुडहुडी. रात्र असो, पाऊस असो, लगेच निघायचं. आधी ताप मोजायचा, मग डॉक्टरांना फोन. फोन लागला नाही तरी निघायचं. विचारल्याशिवाय तापाची गोळी द्यायची नाही. गाडी : शेजारच्या भाऊंची, नाहीतर १०८. फाईल खुंटीवर. पैसे डब्यात."

डिजिटल थर्मामीटर घ्या, हातानं कपाळ चाचपून चालत नाही. तापाची गोळी आधी दिली की ताप झाकला जातो, आतलं इन्फेक्शन तसंच वाढत राहतं. आमचं तेच झालं होतं. कधी कधी पेशी अगदीच कमी असल्या तर ताप न येताही बाई एकदम गळून जाते, बोलणं बरळतं. तेव्हाही हाच नियम.

गावातल्या डॉक्टरकडं नेलं तर तो बहुधा एक इंजेक्शन, एक सलाईन देऊन घरी पाठवेल. त्याच्यासाठी एक चिठ्ठी लॅमिनेट करून फाईलला बांधा : 'केमोथेरपी चालू आहे, औषधाचं नाव हे, शेवटचा डोस या तारखेला. ताप असल्यास तातडीनं सीबीसी (रक्तातल्या पेशींची तपासणी) करावी आणि मोठ्या दवाखान्यात पाठवावं.' चिठ्ठी बघितली की गावातला डॉक्टरसुद्धा वेळ घालवत नाही, हा माझा अनुभव आहे.

ताप नसला तरी लगेच कळवायच्या आणखी काही गोष्टी त्याच पानावर घ्या : दम लागणं, छातीत दुखणं, कुठूनही रक्त येणं, दिवसात नेहमीपेक्षा चार-पाच वेळा जास्त जुलाब, एका पायाची पोटरी सुजून दुखणं.

ताट आणि पाणी

केमोत काय खायचं यावर गावात प्रत्येकाचं मत असतं. भात नको, दूध नको, आंबट नको, अंडं तर नकोच. सगळं ऐकलं तर बाई उपाशी मरेल. खरी गरज असते ती पोटात काहीतरी जाण्याची आणि त्यात वरण, मटकी, अंडी, पनीर, दाणे, दही यांतलं रोज काहीतरी असण्याची. अक्काला भाकरी गिळवत नव्हती तेव्हा ज्वारीच्या कण्या ताकात शिजवून दिल्या, त्या तिला उतरल्या. ठेचा आणि झणझणीत कालवण तोंड आलेलं असताना बंद. पेलाभर कोमट पाण्यात पाव चमचा मीठ आणि पाव चमचा खायचा सोडा घालून दिवसातून चार-पाच वेळा चूळ भरावी.

पेशी कमी असताना कापलेली कच्ची कोशिंबीर, बाहेरची चटणी, उसाचा रस, अर्धं कच्चं अंडं टाळा. फळ घरी धुऊन, सोलून द्या. पाण्याचं तर आपल्याकडं जास्तच सांभाळायला हवं. उन्हाळ्यात टँकरचं पाणी येतं, जारचं पाणी थंड असलं म्हणून शुद्ध असतंच असं नाही. पेशंटचं पाणी उकळून, गार करून, झाकणाच्या वेगळ्या भांड्यात ठेवा आणि त्यात कुणी तांब्या बुडवू नये. एप्रिल-मेच्या उन्हात आधीच अंगातलं पाणी जातं, त्यात जुलाब-उलटी झाली तर बाई तासाभरात हातपाय गाळते. ओआरएसच्या पुड्या घरात हव्यातच.

उपवासाचं डॉक्टरांना थेट विचारा. अक्कानं चतुर्थी सोडायला नकार दिला. मी वाद घातला नाही. त्या दिवशी दूध, राजगिरा, दाण्याची आमटी, भगर असं दिवसभर थोडं थोडं देत राहिले आणि गोळ्या वेळेवर दिल्या. निर्जळी मात्र करू दिली नाही.

बर्फाच्या डब्यातलं इंजेक्शन

काहींना डोसनंतर पेशी वाढवायचं इंजेक्शन लिहून देतात. ते केमो झाल्यावर २४ तासांनी किंवा त्यानंतर द्यायचं असतं, म्हणजे बहुधा घरी आल्यावर. ते २ ते ८ अंशात ठेवावं लागतं. दुकानदाराकडून थर्माकोलच्या डब्यात बर्फाच्या थैल्यांसह घ्या, पण इंजेक्शन बर्फाला चिकटू देऊ नका. मध्ये कागदाची जाड घडी ठेवा, गोठलं तर ते वाया जातं. घरी फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवा, दारात किंवा वरच्या खणात नको. लाईट जाते तिथं आरोग्य केंद्रात आधी बोलून ठेवा. इंजेक्शन थंड ठेवायची सोय होईल का ते विचारा, ते द्यायला तिथं सिस्टरही असते. इंजेक्शननंतर कंबर आणि हाडं ठणकतात. ते अपेक्षित आहे, पण ताप मोजल्याशिवाय त्यावर गोळी घेऊ नका.

ऑपरेशनच्या बाजूचा हात

काखेतल्या गाठी काढल्या की त्या हातातलं पाणी पूर्वीसारखं वाहून जात नाही. हात सुजू शकतो, कधी काही वर्षांनीसुद्धा. रक्त काढायला, सुईला, बीपीला शक्यतो दुसरा हात पुढं करायचा. त्या हातात घट्ट बांगड्या, दंडाला आवळणारी ब्लाऊजची बाही नको. अक्काच्या चुड्यावरून घरात कुजबूज झाली तेव्हा सासूबाईंनी स्वतः त्या हातातल्या काचेच्या बांगड्या उतरवून दुसऱ्या हातात भरल्या. विषय तिथंच संपला.

शेतातल्या बाईला "हाताला जखम होऊ देऊ नका" म्हणून भागत नाही. कापूस वेचताना बोंडाची टोकं बोचतात, खुरपं लागतं, बोरीचा काटा रुततो. म्हणून लांब बाहीचा शर्ट आणि हातमोजा घालूनच रानात जायचं. खरचटलं तर लगेच साबणानं धुऊन मलम लावायचं. हात लाल, गरम, सुजलेला दिसला तर त्याच दिवशी दवाखाना. ऑपरेशननंतर खांदा आखडतो, त्यासाठी भिंतीवर बोटं चालवत हात वर नेण्याचा व्यायाम शिकवतात. तो सिस्टर किंवा फिजिओथेरपिस्टसमोर एकदा करून दाखवा आणि मग रोज करा. हात कायमचा जपून ठेवला तर तो जास्तच आखडतो.

उपचार केमोचा नसेल तर

शेक असेल तर आठवड्यातून पाच दिवस, बहुधा तीन ते पाच आठवडे रोज जावं लागतं. एका वेळचं काम काही मिनिटांचं असतं, दुखत नाही. खरी अडचण मुक्कामाची, म्हणून शहरातली धर्मशाळा किंवा नातेवाईक आधी ठरवा. अंगावरच्या खुणा पुसू नका, त्या जागी हळद, तेल, पावडर, लेप विचारल्याशिवाय लावू नका.

हर-टूचं इंजेक्शन साधारण वर्षभर, बहुतेकदा दर तीन आठवड्यांनी असतं आणि मधून मधून हृदयाचा इको होतो. केमो संपली तरी हे चालू राहतं, म्हणून "सलाईन संपली" असं समजून थांबू नका.

हार्मोनची गोळी सगळ्यात सोपी वाटते आणि सगळ्यात जास्त सुटते. टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोलसारखी गोळी पाच वर्षं, काहींना दहा वर्षंही रोज घ्यायची असते. अंगात वाफा येतात, सांधे धरतात, आणि बरं वाटत असताना रोज गोळी कशाला असं मनात येतं. त्रास होत असेल तर डॉक्टरांना सांगून बदल करता येतो, आपल्या मनानं बंद करू नका. टॅमॉक्सिफेन चालू असताना, पाळी गेलेली असूनही अंगावरून गेलं, तर लगेच दाखवा. लेट्रोझोलमध्ये हाडं ठिसूळ होऊ शकतात, कॅल्शियमचं विचारून घ्या.

डोस चुकू नये म्हणून

डोस चुकण्यामागं नेहमी भीतीच असते असं नाही. सोयाबीन काढणी येते, घरात लग्न निघतं, दिवाळीनंतर ऊसतोडीला निघायचं असतं. ही गोष्ट पहिल्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. बीडकडची एक बाई कारखान्याच्या तळावर जाणार होती. तिच्या घरच्यांनी आधी विचारलं, त्या भागातल्या यादीतल्या दवाखान्यात डोस घेता येतील असं पत्र आणि फाईलची पूर्ण नक्कल सोबत नेली. तिचा एकही डोस चुकला नाही. आधी न बोलता निघून गेली असती तर तीन महिन्यांनी परत आल्यावर काय झालं असतं, ते मला लिहवत नाही.

पेशी कमी म्हणून डॉक्टरांनीच डोस आठवडाभर पुढं ढकलला तर घाबरू नका. असं होतं. पण नवीन तारीख वहीत लिहून घेतल्याशिवाय उठू नका.

दुसऱ्या खेपेला

पहिल्या डोसनंतर रोज झोपण्याआधी दोन ओळी लिहा : ताप किती, उलटी किती वेळा, काय खाल्लं, संडास झाली का, काय दुखलं. लिहिता येत नसेल तर शाळेतल्या नातवाला सांगा. दुसऱ्या खेपेला डॉक्टर "कसं आहे?" विचारतात आणि आपण सवयीनं "बरंय" म्हणतो. तेव्हा वही उघडायची.

पॅक्लिटॅक्सेल सुरू झाल्यावर दुसऱ्या खेपेला मी वाचायला लागले तेवढ्यात अक्कानं वही माझ्या हातातून घेतली. चष्मा लावला आणि बोट ठेवून स्वतः वाचलं, "मंगळवारपासून पायाच्या बोटांला मुंग्या. चप्पल पायातून निसटल्यालं कळंना." डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं, तिच्या पायाला हात लावून तपासलं आणि पुढच्या डोसचं प्रमाण कमी केलं.